इम्प्लांटची तार जागेवर आहे का? एक्स-रे कोणत्या कोनातून काढायचा?

प्रश्न : माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू न येणाऱ्यांसाठी ऑपरेशन करून बसवायचं यंत्र) बसवलं. न्यूक्लियस बनावटीचं, २२ इलेक्ट्रोडचं (नसेला विद्युतप्रवाह देणारे तारेवरचे ठिपके) मशीन आहे. छान बोलायला लागली होती. गेल्या तीनेक महिन्यांपासून ‘स’, ‘श’ तिला ऐकू येत नाहीत असं वाटतं. साखरेला ‘आखर’ म्हणते. भांडं पडलं किंवा शिट्टी झाली की उजवा डोळा बारीक फडफडतो. मॅपिंगच्या, म्हणजे मशीनचं सेटिंग जुळवण्याच्या, वेळी ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी १, २ आणि ३ नंबरचे इलेक्ट्रोड बंद केले आणि सर्जनना कळवलं. सर्जन फोनवर म्हणाले, कोल्हापुरातच एक्स-रे काढून पाठवा, पुण्याचा हेलपाटा नको. आम्ही काढला. समोरून एक, बाजूने एक. रिपोर्टात ‘इम्प्लांट जागेवर आहे’ एवढंच लिहिलंय. फिल्मचा फोटो पाठवला तर सर्जन म्हणाले यातून काही समजत नाही, ‘मॉडिफाइड स्टेनव्हर्स’ काढा. लहान पोरीला पुन्हा रेडिएशन द्यायचं का? शिवाय फिल्मवर तार कानात एकच वेढा घेतलेली दिसते. कानात तर अडीच वेढे असतात ना? आणि एक तार वेगळीच बाहेर लोंबताना दिसते. ऑपरेशन चुकलं असेल का?
– स. पा., कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घ्या, कारण बहुधा झोप त्यानेच उडाली असेल. तार एकच वेढा घेतलेली दिसते म्हणून ऑपरेशन चुकलं, असं होत नाही. कर्णशंखाला, म्हणजे तार ज्यात घालतात त्या आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीला, अडीच ते पावणेतीन वेढे असतात हे बरोबर, पण तुमच्या मशीनची तार अगदी शेंड्यापर्यंत जावी अशी बनवलेलीच नसते. या जातीच्या बहुतेक तारा एक ते सव्वा वेढा आत जातात, अंशांत मोजायचं तर ३६० ते ४५० च्या आसपास. तेवढ्यावर मुलं शाळेत जातात, फोनवर बोलतात. दुसऱ्या काही बनावटींच्या तारा ३१ मिलिमीटरपर्यंत लांब असतात आणि त्या दीड वेढ्याच्याही पुढे जातात. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या मुलाची फिल्म शेजारी ठेवून तुलना करू नका. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे सर्रास चालतं आणि त्यातून फक्त धास्ती वाढते.

वेगळी लोंबणारी तारही तुटलेली नाही. न्यूक्लियसच्या बहुतेक मॉडेलांत मुख्य तारेशिवाय आणखी एक छोटी तार असते. तिच्या टोकाला मण्याएवढा गोल ठिपका दिसतो. ती कानाच्या वर, स्नायूखाली मुद्दाम ठेवलेली असते. आतल्या इलेक्ट्रोडमधून गेलेला विद्युतप्रवाह परत यायला वाट लागते, ती ही. मणी आणि तार सलग दिसत असेल तर ती फिल्मवर कुठे का दिसेना, काळजी नको.

काळजी करायची आहे ती तिसऱ्या गोष्टीची. बंद केलेले इलेक्ट्रोड १, २, ३ आहेत. न्यूक्लियसमध्ये १ नंबर कर्णशंखाच्या दाराशी असतो आणि २२ नंबर सर्वांत आत. दुसऱ्या दोन मोठ्या कंपन्यांत, मेड-एल आणि अॅडव्हान्स्ड बायोनिक्समध्ये, हे उलटं आहे. तिथे १ नंबर आतल्या टोकाला, आणि दाराशी अनुक्रमे १२ आणि १६. हा उलटसुलटपणा माहीत नसलेल्या माणसाने रिपोर्ट लिहिला की गोंधळ होतो. कर्णशंखाच्या दाराजवळचा भाग उंच पट्टीचे, बारीक आवाज ऐकतो आणि आतला शेंडा जाड, खर्जातले आवाज. ‘स’ आणि ‘श’ हे उंच पट्टीतले. म्हणजे तुमच्या लेकीचं ‘आखर’, दाराशी असलेले तीन इलेक्ट्रोड बिघडणं आणि मोठ्या आवाजाला डोळा फडफडणं, या तिन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतात. तार थोडी बाहेर सरकली असण्याची शक्यता आहे. सरकलेल्या तारेचे दाराशी असलेले इलेक्ट्रोड कर्णशंखातून निघून मध्यकर्णात येतात. मग त्यांचा प्रवाह ऐकण्याच्या नसेला मिळायचा तो शेजारून जाणाऱ्या चेहऱ्याच्या नसेला मिळतो आणि पापणी हलते. पण शक्यता म्हणजे निदान नव्हे. तार अजिबात न हलताही चेहऱ्याच्या नसेला झटका बसू शकतो, कारण ती नस कर्णशंखाला एका ठिकाणी अगदी खेटून जाते. म्हणूनच सर्जननी फिल्म मागितली, आणि ठरावीक कोनातलीच मागितली.

आता तुमच्या दोन फिल्ममधून का समजलं नाही ते. चकली ताटात ठेवून वरून पाहिली तर किती वेढे आहेत, पीळ कुठे तुटलाय, सगळं दिसतं. तीच डोळ्यांच्या रेषेत धरून बाजूने पाहिली तर नुसता एक जाड पट्टा दिसतो. कर्णशंख डोक्यात सरळ समोर किंवा सरळ बाजूला तोंड करून बसलेला नाही, तो तिरका आहे. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये त्याचे वेढे दबलेले, एकमेकांवर चढलेले दिसतात. बाजूच्या फिल्ममध्ये दोन्ही कानांची हाडं एकावर एक येतात, आणि ही हाडं कवटीतली सर्वांत दाट. ‘जागेवर आहे’ हा शेरा त्या फिल्मवरून खोटा नाही. इम्प्लांटचा डबा कातडीखाली आहे, मॅग्नेट आहे, तार कानाकडे गेली आहे, एवढं त्यातून दिसतंच. पण तीन इलेक्ट्रोड दाराच्या आत आहेत की बाहेर, हे त्या कोनातून कुणालाच सांगता येणार नाही.

स्टेनव्हर्स हे एका डच न्यूरॉलॉजिस्टचं नाव. कानाच्या दाट हाडाचा मोकळा फोटो मिळावा म्हणून त्यांनी ही पद्धत १९१७ मध्ये मांडली, तेव्हा इम्प्लांट कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे मेलबर्नच्या संशोधकांनी २००० साली तिच्यात थोडा फेरफार करून खास इम्प्लांटसाठी ‘कॉक्लियर व्ह्यू’ बसवला. मूळ पद्धतीत डोकं ४५ अंश फिरवतात, या सुधारित, म्हणजे ‘मॉडिफाइड’, पद्धतीत सुमारे ५० अंश. त्यामुळे एक्स-रेचा किरण कर्णशंखाच्या जवळपास आसातून जातो आणि तार वेटोळ्यासारखी उलगडून दिसते.

टेक्निशियनला नुसतं ‘मॉडिफाइड स्टेनव्हर्स’ म्हणून चालेलच असं नाही. सीटी स्वस्त झाल्यापासून हा व्ह्यू रोजच्या कामात फारसा येत नाही, आणि अनेक तरुण टेक्निशियननी तो पुस्तकात पाहिलेला असतो, हाताने काढलेला नसतो. त्यांना दोष नको, माहिती द्या. उजव्या कानासाठी मुलीचं तोंड प्लेटकडे. सरळ समोर बघण्याच्या स्थितीतून चेहरा डावीकडे वळवायचा, इतका की डोक्याची मधली उभी रेषा प्लेटशी ४५ ते ५० अंशांचा कोन करेल. मग कपाळ, नाक आणि उजव्या गालाचं हाड अशा तीन जागा प्लेटला टेकतात. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक यांना जोडणारी रेषा आडवी हवी, हनुवटी वर किंवा खाली झुकलेली नको. मूळ पद्धतीत नळी १२ अंश वर, म्हणजे डोक्याच्या दिशेने तिरकी करतात. किरण मागून सोडायचा आणि प्लेटला टेकलेल्या कानाच्या भोकापासून सुमारे अडीच सेंटिमीटर पुढे तो बाहेर पडेल अशी नळी धरायची. नळी ते प्लेट १०० सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या कवटीला ७० केव्हीच्या (एक्स-रे मशीनचं व्होल्टेज) आसपास लागतात, सव्वाचार वर्षांच्या मुलीला त्याहून कमी पुरतात. वेळ जितका कमी ठेवता येईल तितका ठेवायचा, कारण इथे अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके मोजायचे आहेत आणि मान किंचित हलली तरी दोन ठिपके एकात मिसळतात.

तोंड प्लेटकडे ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की किरण डोक्याच्या मागून शिरतो, त्यामुळे डोळ्यांना डोस कमी लागतो. पण लहान मूल नाक प्लेटला टेकवून उभं राहायला तयार होत नाही, हेही तितकंच खरं. मग उताणं झोपवून हाच व्ह्यू उलट्या बाजूने घेता येतो. टेक्निशियनना तो आर्सेलिन नावाने माहीत असतो. तोंड वर, चेहरा ४५ अंश डावीकडे वळवलेला, उजवा कान वरच्या बाजूला, नळी १० अंश पायांकडे तिरकी. यात कान प्लेटपासून दूर राहतो, म्हणून चित्र किंचित मोठं येतं. चालतं. फक्त पुढच्या वेळीही तीच पद्धत वापरा.

दोन्ही कानांत इम्प्लांट असलेल्या मुलांसाठी काही ठिकाणी समोरूनच, पण कर्णशंख डोळ्यांच्या खोबणीत दिसेल अशी फिल्म घेतात. एकाच फिल्ममध्ये दोन्ही कान येतात, मूल सहज बसतं. वेटोळं मात्र दबलेलं दिसतं. तुमच्या प्रश्नाला ती पुरणार नाही.

मुलीची तयारी हा या सगळ्यात दुर्लक्षित राहणारा भाग, आणि फिल्म बिघडते ती बहुतेकदा इथेच. एक्स-रेच्या वेळी बाहेर लावायचा प्रोसेसर आणि डोक्याला चिकटणारी कॉइल काढावीच लागते, कारण ती धातूची आहेत आणि नेमकी तारेवर सावली टाकतात. म्हणजे फोटोच्या क्षणी तुमच्या लेकीला काहीच ऐकू येणार नाही. टेक्निशियन काचेमागून ‘हलू नकोस बाळ’ म्हणतो आणि ते कुणाला ऐकूच जात नाही! घरी दोन-तीन दिवस स्टॅच्यूचा खेळ खेळा. आधी प्रोसेसर लावून, मग काढून. भिंतीला नाक टेकवून उभं राहायचं, तुम्ही पाठीवर हात ठेवलात की स्टॅच्यू, दोनदा थोपटलंत की सुटका. सेंटरमध्येही हाच इशारा वापरा. सगळं समजावून प्रोसेसर लावलेला असतानाच सांगा, डोकं बसवून झाल्यावर अगदी शेवटी कॉइल काढा, आणि फिल्म झाली की लगेच लावा. आवाज एकाएकी बंद झाला की मुलं घाबरतात आणि आईकडे मान वळवतात, झालं. धरावं लागलंच तर बाबांनी किंवा तुम्ही शिशाचा एप्रन घालून धरा. दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर तुम्ही आत थांबू नका. एवढ्याशा कामासाठी गुंगीचं औषध सहसा लागत नाही.

कानातले डूल, केसांच्या पिना, क्लिप, धातूची पट्टी असलेला हेअरबँड, गळ्यातला ताईत, सगळं आधी काढा. डाव्या कानात श्रवणयंत्र असेल तर तेही. वेणीच्या रबराला बारीक धातूची कडी असते, ती हमखास राहून जाते.

रेडिएशनबद्दल. डोक्याच्या एका साध्या फिल्मचा डोस ०.१ मिलिसिव्हर्टच्या आत असतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला आपोआप मिळणारं रेडिएशन जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या घरात आहे. म्हणजे एक फिल्म फार तर दोन आठवडे नुसतं जगण्याएवढी. तीन इलेक्ट्रोड बंद पडले असताना ही फिल्म टाळण्यात काही शहाणपण नाही. शहाणपण आहे ते तिसऱ्यांदा काढावी लागू नये यात. पूर्ण डोकं घ्यायची गरज नाही, किरणाचं क्षेत्र कान आणि इम्प्लांटच्या डब्यापुरतं आवळायला सांगा. एक्स-रेने इम्प्लांट किंवा त्याचं मॅग्नेट बिघडत नाही. मॅग्नेटची भीती एमआरआयला असते, तिथे मॉडेलप्रमाणे नियम आहेत आणि सर्जन व कंपनी यांना विचारल्याशिवाय त्या खोलीच्या दारातही जायचं नाही.

राजारामपुरीत, शाहूपुरीत, सीपीआर रुग्णालयाच्या आसपास डिजिटल सेंटर पुष्कळ आहेत. जाण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. हा व्ह्यू काढता येईल का, आणि चित्र सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर डिकॉम (मूळ डिजिटल) स्वरूपात मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरं सेंटर बघा. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत २२ ठिपके मोजणं कुणालाही जमत नाही, आणि व्हॉट्सअॅप तो आणखी दाबून बारीक करतं. डिकॉम फाइल सर्जन आपल्या स्क्रीनवर मोठी करतात, उजळ-गडद करतात, कोन मोजतात. सर्जनकडून चिठ्ठी मागवा आणि तीत हे असावं : उजवा कान, कॉक्लियर इम्प्लांट, २२ इलेक्ट्रोड, मॉडिफाइड स्टेनव्हर्स, डोकं ५० अंश, दाराशी असलेले इलेक्ट्रोड बाहेर आले आहेत का, टोक दुमडलं आहे का, जुन्या फिल्मशी तुलना. प्रश्न नेमका विचारला की रेडिओलॉजिस्टही नेमकं लिहितात. नुसतं ‘एक्स-रे स्कल’ लिहिलं तर परत ‘जागेवर आहे’ हेच हातात पडेल.

आता चांगल्या फिल्मवर काय बघतात ते थोडं सविस्तर, म्हणजे सर्जन बोलतील तेव्हा तुम्हाला समजेल. कर्णशंखाच्या शेजारी अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतली वरची नलिका या व्ह्यूमध्ये कमान होऊन दिसते आणि तिच्या खाली व्हेस्टिब्यूल नावाची पोकळी. कमानीच्या माथ्यापासून पोकळीच्या मध्यातून एक सरळ रेषा खाली ओढतात. ती तारेला जिथे छेदते तिथे साधारण कर्णशंखाचं दार, म्हणजे राउंड विंडो. रेषेच्या आतल्या बाजूचे ठिपके कर्णशंखात, बाहेरच्या बाजूचे बाहेर. ठिपके टोकाकडून मोजत यायचं, २२, २१, २० असं. १९ ठिपके आत आणि तीन बाहेर भरले तर तुमच्या मॅडमनी बंद केलेल्या नंबरांशी गणित जुळलं.

मग टोक बघतात. वेटोळं गुळगुळीत, ठिपक्यांमधलं अंतर सावकाश बदलत जाणारं हवं. टोकाशी ठिपके एकमेकांवर चढलेले किंवा तार मागे वळलेली दिसली तर टोक दुमडलंय. आधीच वळण दिलेल्या, कर्णशंखाच्या आतल्या भिंतीला चिकटणाऱ्या तारांत हे सरळ तारांपेक्षा जास्त होतं. हा दोष दोन वर्षांनी नव्याने उपटत नाही, तो ऑपरेशनच्या दिवसापासून असतो. पण कधी कधी उशिरा सापडतो. कारण दुमडलेले इलेक्ट्रोडही कर्णशंखातच असतात, त्यांचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) नॉर्मल येतो, नसेचा प्रतिसादही मिळतो, आणि मूल फक्त ‘ऐकतं, पण शब्द स्पष्ट समजत नाहीत’ अशा अवस्थेत अडकून राहतं. मधे तार एकदम काटकोनात मोडलेली दिसणं हा आणखी एक दोष. क्वचित तार कर्णशंखात न जाता भलतीकडे गेलेली असते, वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत किंवा कानामागच्या हाडाच्या हवेच्या पोकळ्यांत. तुमची मुलगी दीड वर्ष ऐकत-बोलत होती, म्हणून ही शेवटची शक्यता सोडून द्यायला हरकत नाही.

शेवटी डबा आणि मॅग्नेट. मुलगी पडली होती का, डोक्याला मार लागला होता का, कॉइल नीट चिकटत नाही असं होतंय का? तसं असेल तर मॅग्नेट जागेवरून हललंय का हेही बघायला सांगा. त्यासाठी डब्याला स्पर्श करून जाणाऱ्या किरणाची एक वेगळी फिल्म लागते.

आमच्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची वस्तू नवी फिल्म नाही, जुनी आहे. ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतर लगेच पुण्याच्या रुग्णालयाने काढलेली पहिली फिल्म मागवा. तार सरकली हे एका फिल्मवरून ठामपणे सांगणं कठीण असतं. पहिल्या दिवशीच १९ इलेक्ट्रोड आत आणि तीन बाहेर ठेवावे लागले असतील तर आज दिसणारी तीच स्थिती म्हणजे बदल नव्हे, मग डोळा फडफडण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. तेव्हा २२ आत होते आणि आज १९, तर तार सरकली. आणि तुलना करायची तर दोन्ही फिल्म एकाच कोनातल्या हव्यात. एक ४० अंशांची आणि दुसरी ५५ ची असेल तर तार न हलताही हललेली दिसते. हा घोळ वारंवार होतो. ऑपरेशनच्या नोंदीत ‘पूर्ण शिरली’ की ‘अमुक इलेक्ट्रोड बाहेर’ असंही लिहिलेलं असतं, तीही मागा.

तार का सरकते? मुलाचं डोकं वाढतं, म्हणून सर्जन कानामागच्या हाडात तारेला मुद्दाम सैल वळसा ठेवतात. तो पुरला नाही, तार नीट रोवली गेली नाही, मध्यकर्णात जंतुसंसर्ग किंवा गाठीसारखी कातडीची वाढ झाली, कर्णशंखात आतून तंतू किंवा हाड वाढून तार ढकलली गेली, अशी कारणं असतात. सरळ तारा वळणाच्या तारांपेक्षा जास्त निसटतात. घरात कुणी जोरात उचललं किंवा खेळताना उड्या मारल्या म्हणून तार सरकत नाही. आजी-आजोबांना तसं कुणी बोललं असेल तर थांबवा.

एक्स-रे काय सांगत नाही, तेही बघा. कर्णशंखाच्या आत दोन मजले असतात. तार खालच्या मजल्यात हवी, ती वरच्यात गेलीय का हे साध्या फिल्मवर दिसत नाही. त्याला कोन-बीम सीटी किंवा कानाच्या हाडाचं बारीक काप घेणारं सीटी लागतं. साध्या सीटीत धातूमुळे पांढरे झगझगीत पट्टे उठतात आणि ठिपके विरघळतात. कोन-बीममध्ये ते कमी होतात आणि डोसही सहसा कमी असतो. दातांच्या सेंटरमधलं कोन-बीम मशीन चालेल का, असं पालक विचारतात. जबड्यापुरतंच क्षेत्र घेणारं असेल तर कानापर्यंत पोचत नाही, आधी विचारून घ्या. शिवाय त्यात मुलाला बरेच सेकंद स्थिर राहावं लागतं. मशीनच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं असेल तर तेही एक्स-रेवर दिसत नाही, केसाएवढ्या बारीक वायरची चीर बहुतेक वेळा दिसत नाही.

म्हणून फिल्म नेहमी मॅपिंगच्या आकड्यांबरोबर वाचायची. तुमच्या मॅडमकडून इम्पिडन्सचा प्रिंट घ्या, आजचा आणि जुने सगळे. १, २, ३ चा इम्पिडन्स एकदम खूप वर गेला असेल, ‘ओपन सर्किट’ दाखवत असेल, तर तो इलेक्ट्रोड हवेत आहे किंवा त्याची वायर तुटली आहे. पण बाहेर आलेला इलेक्ट्रोड ओल्या ऊतींत रुतून बसला असेल तर आकडा नॉर्मलही येतो, त्यामुळे नॉर्मल आकडा पाहून फिल्म टाळू नये. नसेचा प्रतिसाद मोजणारी चाचणी, जिला न्यूक्लियसमध्ये एनआरटी म्हणतात, तिचे जुने-नवे निकालही घ्या. फिल्म चांगली आली आणि तरी आकडे विचित्र असतील तर पुढची पायरी कंपनीच्या इंजिनिअरकडून होणारी इंटिग्रिटी टेस्ट (मशीन आतून शाबूत आहे का याची तपासणी), तिसरा एक्स-रे नव्हे.

पुढे काय होईल? एक-दोन किंवा तीन इलेक्ट्रोड बाहेर असतील आणि स्थिती टिकून असेल तर बहुतेक वेळा ते बंदच ठेवतात आणि उंच आवाजांच्या पट्ट्या उरलेल्या १९ इलेक्ट्रोडवर वाटून देतात. ‘स’ परत ऐकू येऊ लागतो, पण वेगळ्या जागी येतो, म्हणून तो ओळखायला काही आठवडे सराव लागतो. स्पीच थेरपिस्टना नवीन मॅपची तारीख कळवा. पाच-सहा किंवा अधिक बाहेर असतील, किंवा चार-सहा महिन्यांनी त्याच कोनात काढलेल्या फिल्मवर आणखी एखादा निघालेला दिसला, तर सर्जन सीटी करून तार पुन्हा बसवण्याचा विचार करतात. कधी तीच आत सरकवता येते, कधी मशीन बदलावं लागतं. हा आकडा काही कायदा नाही. मूल कसं ऐकतंय यावर निर्णय फिरतो, म्हणून घरी एक साधी नोंद ठेवा. आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज, तुम्ही मागे बसून, तोंड न दाखवता, रोज सकाळी एकदा म्हणा. कोणता आवाज तिने ओळखला आणि कोणता नाही, ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. सर्जनच्या टेबलावर ते कॅलेंडर अर्ध्या रिपोर्टांपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

ज्यांच्या मुलाचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी एक वाक्य, कारण अशी पत्रंही येतात. सर्जनना विचारा की कान बंद करण्याआधी थिएटरमध्येच सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनने किंवा पोर्टेबल मशीनने फिल्म घेणार का. टोक दुमडलेलं तिथे दिसलं तर तार लगेच काढून पुन्हा घालता येते, नंतर दिसलं तर दुसरं ऑपरेशन. आणि ती फिल्म डिस्चार्जच्या कागदांबरोबर मागून घ्या.

फिल्मची वाट बघत बसायचं नाही अशीही काही लक्षणं आहेत. इम्प्लांटच्या जागी सूज, लाली किंवा पाणी, कानातून पू, ताप येऊन उलट्या आणि मान ताठ होणं, झोपाळू होणं. यांतलं काहीही दिसलं तर एक्स-रे सेंटर नाही, थेट रुग्णालय. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, न्यूमोकॉकलच्या लसींचे डोस पूर्ण झालेत का ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

पुण्याला जाण्याआधी हे सगळं ईमेलने पाठवा : नव्या फिल्मची डिकॉम फाइल, जुनी फिल्म, इम्पिडन्स आणि एनआरटीचे प्रिंट, इम्प्लांटच्या कार्डावरचा मॉडेल आणि सीरियल नंबर, आणि डोळा नेमका कधी फडफडतो याचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. व्हिडिओ काढताना चेहऱ्यावर उजेड पडू द्या आणि शेजारी चमचा वाटीवर वाजवा, म्हणजे आवाज आणि पापणीची हालचाल एकत्र दिसेल. सर्जन आधी बघून ठरवू शकतील की नुसतं मॅपिंग कोल्हापुरातच पुरेल की सीटीची तारीख घेऊनच बोलवायचं. २३० किलोमीटर जायचंच असेल तर सीटी, मॅपिंग आणि सर्जन तिन्ही एकाच दिवशी लागतील असं बघा.